तोमानची जागा

जुलाक अस्रानी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले काका; आमच्याकडे थोरल्या काकांना जुलाकच म्हणतात. नदीतल्या त्यांच्या घराचे खांब बदलायचे होते, म्हणून चार दिवसांसाठी आमच्याकडे आले, ते आपली लाल अरोवाना, शोभेची महागडी मासळी, घेऊनच. मला न विचारता त्यांनी ती माझ्या माशांच्या काचेच्या टाकीत सोडली आणि समोरची वेताची खुर्ची बळकावली.

टाकीत माझा तोमान होता. मरळीच्या जातीतला, हातभर लांब, जबड्याचा पक्का. बोटाएवढा होता तेव्हा बाजारातल्या बादलीतून मी त्याला आणलेला. आमच्या बंजारमासिन शहरात तोमान कालवणात घालतात, काचेत नाही, म्हणून सगळी गल्ली मला हसते. हसू दे. दोन ऑस्कर मासे त्याच्यासोबत सुखानं नांदत होते.

तोमानच्या चाव्यानं अरोवानाची शेपटी फाटली आणि जुलाकनी फर्मान काढलं, "मास्नी, शुक्रवारी नमाजाहून येतो तेव्हा हा तोमान ताटात पाहिजे. चुलीवरच्या माशाला काचेचा महाल कशाला?"

"त्याच्या घरात तुमची घुसली, जुलाक."

"जीभ फार चालते हिची! रुसदी, आवर बायकोला."

माझा रुसदी माणूस चांगला, पण थोरल्यांसमोर मूग गिळून बसतो. तसाच बसला. मला भयंकर राग आला.

शुक्रवारी पुरुष मशिदीत गेले आणि मी पदर खोचावा तसं सारोंग खोचलं. आधी चौघांनाही पोटभर कोळंबी चारली. मग एकेकाला काढून वेगवेगळ्या पिंपांत ठेवलं. टाकीतलं उभं लाकूड आडवं केलं, दगड या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेले. शिकारी मासा भांडतो तो आपल्या जागेसाठी. जागाच ओळखू आली नाही, तर हक्क कशावर सांगणार? आधी अरोवाना सोडली, मग ऑस्कर. तोमानला सगळ्यांत शेवटी, पाहुण्यासारखं. लाडका असला म्हणून सवलत नाही. तो गुपचूप लाकडाखाली शिरला.

मागे वळले तर ती वेताची खुर्ची. म्हटलं, एवढं हलवलंच आहे तर हीही हलवू.

पुरुष परतले, सोबत जेवायला नातेवाईक. जुलाकनी पातेल्याचं झाकण उचललं.

"हा तर नुसता भोपळा! तोमान कुठाय?"

"त्याच्या घरी."

ते तरातरा टाकीकडे गेले. अरोवाना वर संथ फिरत होती, तोमान तळाशी पडून होता. जुलाक बघतच राहिले, मग बसायला मागे सरकले. मागे खुर्ची नव्हती. ती बाहेर ओसरीवर होती, तिच्यावर माझ्या ओल्या बादल्या. चटईवर सगळे बसलेले, जागा उरली होती फक्त स्वयंपाकघराच्या दाराशी.

"हे काय चालवलंयस?"

"उद्या भांडतील की नाही, मला ठाऊक नाही," मी म्हणाले. "भांडले तर पुन्हा सगळ्यांना बाहेर काढीन, पुन्हा दगड हलवीन. पण माझ्या टाकीतलं कुणी कढईत जाणार नाही. तुमचीसुद्धा नाही."

मग रुसदीच म्हणाला, "जुलाक, बसा तिथं. भात निवतोय."

जुलाक बसले. दोन घास खाऊन पुटपुटले, "मीठ कमी आहे."

"मागे हात करा," मी म्हटलं. "बरणी तुमच्या पाठीशीच आहे."

त्यांनी हात मागे केला आणि स्वतःच मीठ वाढून घेतलं.