निखाऱ्यावरचा पाय

अर्जुनीच्या बस स्टँडामागं माझ्या पोराचं, तिलकचं, जिम आहे. जिम म्हणजे त्याचा जीव. घरी दहा हाका मारा, ओ देणार नाही. तिथं मात्र पहाटेपासून लोखंड उचलून राहते. सून चेतना नागपुरात व्यायामाचं शिकून आलेली. तिनं नवीनच काढलं. म्हणे, सकाळी बाया अन् म्हातारी माणसं बोलावू, आधी ताय-ची अन् ची-गाँग, मंग डंबेल. चीनकडचा व्यायाम. हळूहळू हात फिरवायचे, श्वास सोडायचा, एका पायावर भार द्यायचा. वजनानं ताकद येते, यानं तोल येते, माणसाले दोन्ही पाहिजे म्हणे.

तिलक हसला. "हा का व्यायाम आहे? पाण्यातली म्हैस याहून जोरानं हालते!"

मी भडकली. "तोंड कायले चालवून राहिला? करून दाखव ना!"

पोरगा इरेला पेटला. वाहणा काढून आमच्या रांगेत उभा राहिला. वजन उचलायच्या आधी तो रोज बजरंगबलीपुढं गोवरीच्या निखाऱ्यावर धूप टाकते. त्या दिवशी कोणाचा तरी पदर लागला अन् धूपदानी कलंडली. आम्ही घाईघाईनं निखारे गोळा केले. एक राहूनच गेला.

तिलकनं डावा पाय उचलला, हळूच पुढं टेकवला, सारा भार त्याच्यावर दिला. डोळे मिटले, हात पसरले. एवढा धिप्पाड गडी, पण जागचा हालला नाही. मीच पहिली टाळी वाजवली.

मंग वास आला.

"अवं माय!" शेजारची रामबाई किंचाळली. "पायाखाली निखारा!"

तिलकनं डोळे उघडले अन् हसला. खरंच हसला. "कुठं?"

पाय काढला तं खाली निखारा विझून राहिलेला. रामबाईनं हातच जोडले. "श्वासाची शक्ती आहे वं ही! याले आग लागत नाही!" तिनं वाकून त्याच्या पायाले हात लावला. मंग साऱ्या बायांनी लावला. मीबी फुगली. माझा पोरगा एका सकाळी साधू झाला!

चेतनानं नाही लावला. ती पांढरीफट्ट पडली होती. खाली बसून तिनं त्याचा तळवा उलटा केला. कातडी जळून गेली होती, आत लाल मांस दिसत होतं.

"दुखते?"

"नाही."

"चप्पल पायातून निघून जाते का?"

त्यानं दारातल्या चपलीकडं पाहिलं. मंग हळूच म्हणाला, "जाते कधी कधी. समजत नाही."



गोंदियाच्या डॉक्टरनं त्याले डोळे मिटायले लावले अन् पायाले पेन टेकवला. "बताओ, कहाँ छुआ?" पोराले सांगताच येईना. मांडीवर फिक्का चट्टा होता, आम्ही त्याले गजकर्ण समजत होतो. डॉक्टरनं गुडघ्यामागची नस चाचपली अन् म्हणाला, "कुष्ठरोग है."

बाप्पा रे!  "तुमचं चुकलं! त्याचं अंग पाहा तं!" मी ओरडलीच त्याच्यावर.

डॉक्टर रागावला नाही. म्हणाला, औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे, चालू झालं का रोग दुसऱ्याले लागत नाही. मांड्यांच्या ताकदीनं त्या बधिर, कमजोर पायाले झाकून ठेवलं होतं. त्या हळू व्यायामात सारा भार त्याच्यावर राहिला म्हणून तो उघडा पडला. वेळेत आले, पाय वाचंल.

परतताना बसमध्ये तिलक खिडकीकडं पाहत म्हणाला, "आई, जिम बंद करतो. आता कोण येते?"

 मले राग आला, रडू आलं.

चेतनानं काही लपवलं नाही, घरोघरी जाऊन सांगितलं. दुसऱ्या सकाळी जिमच्या दारात एकही चप्पल नव्हती. तिलक पायाले पट्टी बांधून खुर्चीवर बसला होता, नजर दारावर. मी मनातल्या मनात एकेकीले शिव्या घालत होती.

अन् रामबाई आली. गावभर डंका पिटणारी बाई! म्हटलं, आता ही तमाशा करते. पण तिनं दारात वाहणा काढल्या, सरळ आत आली, वाकली अन् पट्टीच्या पायाले हात लावला.

तिलकनं पाय ओढून घेतला. "काकू, नका! ऐकलं नाही का?"

"ऐकलं. त्या दिवशी हात लावला तो पाय का दुसऱ्याचा होता? ठेव इकडं."

मंग माझ्याकडं वळली. "अन् तू कायले रडून राहिली वं? उभी राहा. श्वास घे."