गुत्त्याची मागची खिडकी

मी शिरपूर-वाशीम रस्त्याकडेचा एक जुना दारूचा गुत्ता आहे. नाक मुरडलंत ना, मित्रांनो? खुशाल मुरडा. मला स्वतःचीच शिसारी येते.

मला बांधणारा मालक मोठा हौशी. घडीव दगडाचं जोतं, सागाचे कोरीव खांब, वर कवेलूंचं छप्पर. कापसाच्या गाड्या हाकणारे ओट्यावर ऐसपैस बसून प्यायचे, तिथंच ओकायचे आणि जाताना खांबांची तारीफ करायचे. शी!

पण खरी घाण मागे होती. मागच्या भिंतीत, नालीच्या वर, गुडघ्याएवढ्या उंचीवर एक खिडकी ठेवली होती. ज्यांचा विटाळ मानायचे, त्यांनी तिथं वाकून नारळाची नरोटी पुढे करायची. आतला माणूस वरून धार सोडायचा. खिडकी वर घेणं गवंड्याला काही जड नव्हतं. माणूस वाकावा म्हणूनच ती खाली ठेवली होती.

पुढे गुत्ता उठला, मी ओस पडलो. येणारेजाणारे माझ्या आडोशाला नको ते उरकू लागले. गेल्या वर्षी हेमसिंगने मला विकत घेऊन ढाबा काढला. मागच्या खिडकीला झेंडूची माळ घालून तो तिथून कुल्फी विकू लागला. वर पाटी, 'जुन्या काळची गंमत'!

परवा चंपाबाई नातीला, संस्कृतीला घेऊन आल्या. पोरगी खिडकीशी वाकली, हात आत घालणार तोच आजीने तिचं बखोट धरलं.

"उभी राह्य! इथून नाही घ्याचं."

"काहून आजी? सारे घेऊन राह्यले."

"माह्या सासऱ्याले इथं जनावरावानी वाकवलं. त्याच्या घरची पोर वाकनार नाही."

हेमसिंग हसत आला. "आजी, जुनं कायले उकरता? लोकाले आवडते हे."

"आवडते? मंग तू वाक. तुह्या हातावर वरून ओतू दे मले."

त्याचं हसू विरलं. तो काही वाकला नाही. चंपाबाई नातीला घेऊन समोरच्या पायऱ्या चढल्या आणि ओट्यावर मधोमध बसल्या.

"दोन कुल्फ्या आन. हातात दे."

त्याने दोघींच्या हातात दिल्या. खिडकीवरची माळ मात्र आज सकाळीही ताजी होती.

मित्रांनो, जुन्या वास्तू जपा म्हणतात. जपा. माझे खांब पुसा, फुटकी कवेलू बदला. पण ती खिडकी सजवू नका आणि बुजवूही नका. तिथं काय चालायचं ते नव्या पाटीवर स्पष्ट लिहून ठेवा. आणि ती पाटी जरा उंचावर लावा, बाबांनो. वाचायला कुणाला वाकावं लागता कामा नये.