दहा पाटे आणि पन्नास माणसांचा मसालेभात

एकनाथकाका आयुष्यभर गाड्यांच्या सस्पेन्शनमध्ये होते. म्हणजे नोकरीला. रिटायर झाल्यावर माणसं बागकाम करतात, गीता वाचतात. काकांनी एकतीस सालची एक फोर्ड आणली आणि तिचा हॉट रॉड करायला घेतला. हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी घ्यायची, तिचं काढता येईल ते सगळं काढायचं आणि उरलेल्यात जरा जास्तच मोठं इंजिन बसवायचं. काकांनी छप्पर काढलं, मडगार्ड काढले, बंपर काढले, स्टेपनी काढली. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो. त्या दिवसांत मी गॅरेजसमोर फार वेळ उभा राहत नसे.

सुमित्राकाकूंना गॅरेज हवं होतं, तिसऱ्या फ्रीझरसाठी. शिवाय त्यांच्या मणक्यातली एक गादी सरकलेली. त्यांनी शांतपणे अट घातली.

"मराठी मंडळाच्या पिकनिकला या गाडीतून येईन. जाऊन-येऊन पाठ दुखली नाही तर गाडी राहील. दुखली तर विकायची. अपील नाही."

आता सगळं मागच्या स्प्रिंगवर होतं. या गाडीला मागे एकच पाट्यांची कमान, चाकापासून चाकापर्यंत आडवी. एकावर एक लोखंडी पाटे. जास्त पाटे, जास्त कडक. कॅटलॉगमध्ये हलक्या गाडीसाठी सात पाट्यांची मऊ स्प्रिंग होती. दुसरी होती जुन्या बाजारातली, अस्सल, दहा पाट्यांची.

"सातवाली घ्या ना काका," मी म्हटलं. "गाडीचं निम्मं सामान तर तुम्ही काढून टाकलंय. दहा पाटे उचलणार काय?"

"ओरिजिनल दहा होते."

"ओरिजिनल छप्परपण होतं."

"मिहीर, तू कशात पीएचडी करतोयस?"

"बॅक्टेरिया."

"मग त्यांना सांग."

दहावाली आली. मी म्हटलं, निदान त्यातले दोन-तीन काढू या. काका माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी पानात वाढलेल्या दोन पुऱ्या कचऱ्यात टाका म्हणालो. "आपल्या घरात काही वाया जात नाही," ते म्हणाले आणि दहाच्या दहा पाटे बसवले.

ट्रायलला आम्ही दोघं गेलो. मिशिगनमध्ये हिवाळा संपला की रस्ते संपतात. पहिल्या खड्ड्यात माझा चष्मा उडाला. दुसऱ्यात मी उडालो आणि तो मला हवेत सापडला.

"पाटे नवीन चपलेसारखे असतात," काका जीभ चावल्यामुळे तोंड धरून म्हणाले. "वापरून सैल होतात."

"एकतीस सालापासून झाले नाहीत, काका."

पिकनिकच्या सकाळी काकांचा चेहरा ऑपरेशनला निघालेल्या माणसासारखा होता. काकू मात्र स्वयंपाकघरातून येतच राहिल्या. आधी मसालेभाताचं पातेलं आलं. मग आमटीचं. मग ताकाचा कूलर, मग श्रीखंडाचे डबे. कारण मंडळात पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून करून आणायच्या जेवणाला, 'दहा जणांपुरतं आणा' सांगतात आणि प्रत्येक काकू पन्नास जणांपुरतं आणते. उरलं तर चालतं, पुरलं नाही तर शहर बदलावं लागतं. गाडीची मागची डिकी उघडली की आत दोघांची उघडी सीट आहे. त्या सीटवर आणि तिच्या पायथ्याशी सगळं रचून बांधलं.

गाडी दोन बोटं खाली बसली. मी माझ्या गाडीतून मागे निघालो. बघतो तर पहिला खड्डा आला, आणि हॉट रॉड राजहंसासारखा त्याच्यावरून तरंगत गेला. दुसरा. तिसरा. भाताचं शीतसुद्धा सांडलं नाही.

पार्कात काकू उतरल्या, कंबर हलवून बघितली. "बरी आहे की हो!"

काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "बघितलंस? दहा."

"काका, हे भाताच्या वजनाने झालंय."

"माहीत आहे. इंजिनियर आहे मी." मग ते एकदम पांढरे पडले. समोर मंडळ जेवणाच्या रांगेत उभं होतं.

मराठी मंडळाच्या इतिहासात कुणी लोकांना जेवू नका म्हणून आग्रह केल्याचं मला आठवत नाही. काका पातेल्यापाशी उभे राहिले.

"शैलाताई, तुम्हाला शुगर आहे ना?"

"अहो, एवढासाच घेतेय."

"एवढासा कसा? शंभर ग्रॅम तरी आहे!"

माझा लॅबमधला मित्र ईशान चौथ्यांदा रांगेत आला. काकांनी झाकण दाबून धरलं. काकू लांबून ओरडल्या, "अहो, वाढा ना त्या पोराला! हॉस्टेलवर काय खात असेल बिचारा!"

बिचारा भात घेऊन गेला. संध्याकाळपर्यंत पातेली चकचकीत झाली. काका रिकाम्या डिकीकडे बघत उभे होते, आणि परतीचा रस्ता तोच होता, त्याच खड्ड्यांचा.

तेव्हा मला सुचलं. "काका, भात कुठे गेला?"

"संपला."

"संपला नाही. इथेच आहे. फक्त भांडं बदललंय." मी ईशानकडे बोट दाखवलं. तो झाडाला टेकून पोटावर हात ठेवून बसला होता.

काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, सिमेंटचं पोतं बघावं तसं. मग मला. "तू किती खाल्लास?"

"तीन प्लेट. श्रीखंड वेगळं."

"बसा दोघं मागे."

काकूंना सांगितलं की मुलांना हौस आहे. माझी गाडी पार्कातच राहिली. रिकामी पातेली मांडीवर घेऊन आम्ही बसलो. ईशान दर खड्ड्याला "काका, आय ॲम नॉट फीलिंग सो गुड" म्हणायचा आणि काका पुढून ओरडायचे, "धरून ठेव! वजन कमी करायचं नाही!" शेजारी काकूंना वाटलं, पोराला डाएटबद्दल सांगतायत.

घरासमोर काकू उतरल्या. वाकल्या, वळल्या, एक हात वर करून बघितला.

"राहू दे गाडी," काकू म्हणाल्या. "फ्रीझर डायनिंगमध्ये ठेवू. उद्या सकाळी मला फिजिओथेरपीला हिच्यातूनच सोडा. आपण दोघंच जाऊ, मजा येईल."

आणि त्या आत गेल्या.

काकांनी इंजिन बंद केलं. मग मागे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाले, "मिहीर, किती पाटे काढू म्हणाला होतास?"

"दोन-तीन."

"तीन काढू."

"काका," ईशान म्हणाला, "आम्ही आता उतरू का?"

"ती खिडकीतून बघतेय. उतरलात तर गाडी दोन बोटं वर येईल. पाटे निघेपर्यंत हलू नका."