मागचा उजवा पाय

सकाळचे ऊन त्या अंगणात कधी घाईने आले नाही. आधी ते माडांच्या शेंड्यांवर रेंगाळे, मग कुंपणाच्या गडग्याच्या जांभ्या चिऱ्यांवर उतरे, आणि तुळशीला वळसा घालून सरपटत ओटीच्या पायरीशी येई. तिथे तांबू झोपलेला असे. ऊन प्रथम त्याच्या कानांवर, मग पाठीच्या कण्यावर, आणि सर्वांत शेवटी मागच्या उजव्या पायावर पडे. त्या पायापाशी शुभंकर आधीच बसलेला असे. एवढ्याशा पायावर एका धडधाकट तरुणाचे भवितव्य उभे होते.

गणपतीच्या सुट्टीत तो मुंबईहून घरी आला आणि त्याच आठवड्यात रिक्षाने तांबूला उडवले. डॉक्टरांनी मांडीचे हाड जुळवले, व्यायाम शिकवले आणि सांगितले, की दोन्ही मांड्यांचा घेर सारखा झाला म्हणजे कुत्रा बरा. तोवर मुंबईच्या कचेरीतली शुभंकरची जागा त्याचा चुलतभाऊ प्रमोददादा धरून होता.

शुभंकरने त्या पायाचा असा अभ्यास केला, की शाळेत केला असता तर गावाने सत्कार केला असता. आई ज्याला उलटा गुडघा म्हणे तो घोटा आहे, खरा गुडघा वर पोटाशी दडलेला असतो, हे त्याने तिला भाकरी थापताना समजावले. मांडीचा पुढचा स्नायू गुडघा ताठ करतो, मागचा दुमडतो. गुडघ्याची वाटी सुधारली, की खुब्याचा सांधा आखडलेला निघे. खुबा सैल झाला, की अस्थिबंध ताणलेला. देवाने कुत्र्याला इतके सांधे दिले, ही शुभंकरवर त्याची कृपाच.

"माणसाच्या पायातपण इतकी हाडं असतात काय रे?" आईने एकदा विचारले.

"असतात, आये."

"मगे तुझी ती हलत नाय?"

रोज तो तिची शिवणाची टेप घेऊन घेर मोजी. डाव्या मांडीवर टेप सैल, उजवीवर किंचित आवळून. विज्ञानाला तेवढा हातभार लावावाच लागतो.

त्या सकाळी प्रमोददादाचा निरोप आला, की सोमवारी हजर हो, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. शुभंकर नेहमीप्रमाणे टेप आवळत होता, तोच गडग्यापलीकडून मासे विकणाऱ्या यमुनाबाईंची हाक आली. तांबू उठला, धावला आणि मागच्या दोन्ही पायांचा सारखा रेटा देऊन गडग्यावरून पार झाला. टेप शुभंकरच्या हातात लोंबत राहिली.

आईने दादाचा नंबर लावला आणि फोन पुढे केला.

"आता कुठला स्नायू कच्चा राह्यलाय, ते तूच सांग त्याला."

शुभंकरने खुबा, गुडघा, वाटी, घोटा अशी सारी नावे मनात फिरवून पाहिली. इतक्या निष्ठेने पाठ केलेल्यांपैकी एकही मदतीला आले नाही. पायरीवरच्या रिकाम्या जागेत ऊन येऊन बसले होते. फोनमधून दादा विचारत होता, कुत्रा कसा आहे?

"बरा झालाय, दादा," शुभंकर म्हणाला. "मलाच यायचं नाही."