'जे' नसलेली पाटी

मी पाटी बोलतेय. तुमच्या लहानपणीची दगडी पाटी नव्हे हं, मला ओल्या फडक्याने पुसून कोरी करता येत नाही. मी लाकडी आहे, मेपलची. आणि खरं सांगायचं तर जन्माने मी पाटीही नाही. मी ब्रेड कापायचा पाट होते.

या घरातल्या मुलींची आजी, बेव्हर्ली, हिने मला आपल्या लेकीच्या, मेरेडिथच्या लग्नात भेट दिलं. कितीतरी वर्षं माझ्यावर सुरी चालली. माझी तक्रार नव्हती. ताज्या ब्रेडची वाफ अंगावर घेण्यात एक सुख असतं. मग एके दिवशी मेरेडिथने घाईघाईत तापलेला तवा माझ्यावर टेकवला. मी चरचरले, कडेला तडा गेला, आणि माझी रवानगी फ्रिजमागच्या फटीत झाली. माणसं जुनी वस्तू टाकत नाहीत, नुसती सरकवून ठेवतात. ते टाकण्याहून वाईट असतं.

तिथून मला बाहेर काढलं ते इतिहासाच्या धड्याने.

मेरेडिथ आपल्या दोन्ही मुलींना घरीच शिकवते. थोरली टेस पहिलीत शाळेत जात होती, पण शाळेच्या पिवळ्या बसचा भोंगा ऐकू आला की ती बाथरूमकडे धावायची. रोज सकाळी उलटी. शेवटी एका सकाळी मेरेडिथने बस तशीच जाऊ दिली, आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघर हीच शाळा झाली. टेस फुलली, बडबडी झाली. धाकटी जून आपोआपच त्या शाळेत दाखल झाली.

या हिवाळ्यात धडा चालू होता तो जहाजातून समुद्र ओलांडून आमच्याच मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरलेल्या माणसांचा. एक अख्खा दिवस त्यांच्यासारखं जगायचं, असं मेरेडिथने ठरवलं. त्या काळी पोरांच्या हातात वह्या नसत. मूठ असलेली लाकडी फळी असे, तिच्यावर अक्षरांचा कागद आणि कागदावर शिंगाचा पातळ पापुद्रा. मेरेडिथने करवत आणली आणि मला मूठ फुटली. जुन्या चित्रात बघून तिने अक्षरं जशीच्या तशी उतरवली, खाली घरात रोज म्हणतात ती प्रार्थना लिहिली. शिंग कुठून आणणार? स्ट्रॉबेरीच्या खोक्याचं प्लास्टिकचं झाकण कापून लावलं. फ्रिजमागून एकदम गुरुजींच्या जागी! माझा ऊर भरून आला.

पण त्या दिवसाला आणखी एक कारण होतं. आजी.

बेव्हर्ली जन्मभर पहिलीचा वर्ग घेऊन निवृत्त झालेली. लेकीने नातीला शाळेतून काढलं हे तिला कधीच रुचलं नव्हतं. आल्या आल्या बर्फाचे बूट काढता काढताच तिने लेकीकडे विषय काढला.

"मेरी, मी भांडायला आलेले नाही. पोरगी नऊ वर्षांची झाली. एकदा माझ्यासमोर वाचू दे. वाचलं तर शाळेचं नाव काढणार नाही. नाही वाचलं तर सप्टेंबरमध्ये शाळा उघडली की ती बसमध्ये बसेल. कबूल?"

"कबूल," मेरेडिथ म्हणाली. "तिला सगळं येतं, आई. तू तोंडात बोटं घालशील."

हे टेसने ऐकलं. मी तिच्याच हातात होते. तिच्या तळव्याला एकाएकी घाम फुटला, तो माझ्या लाकडात मुरला.

दिवस छान चालला होता. उशांच्या अभ्र्यांच्या टोप्या झाल्या, अक्रोडाच्या टरफलांची शाई झाली. मक्याच्या पिठाच्या जाड पोळ्या काकवीत बुडवून खाताना मेरेडिथने आईला चिमटा काढला. "त्या वेळी शेजारची बाई आपल्या स्वयंपाकघरात, भांडी घासता घासता पोरांना अक्षरं शिकवायची. म्हणजे ही माझी फॅशन नाही हं. तुझ्या शाळेपेक्षा माझी शाळा जुनी आहे!"

"जुनं दुखणंही असतं," आजी म्हणाली. पण हसली.

मग टेसने पहिल्या हिवाळ्याची गोष्ट सांगितली. थंडी कशी होती, तापाने माणसं कशी गेली, वसंत येईपर्यंत निम्मी माणसं कशी उरली नव्हती. तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांची गावं त्याआधीच साथीत कशी ओस पडली होती, हेही ती विसरली नाही. आजीचा घास हातातच राहिला. "कुठून येतं गं हिला एवढं?" ती पुटपुटली. मेरेडिथचा चेहरा उजळला. रोज रात्री तीच तर मोठ्याने वाचून दाखवायची.

"आता पाटी," आजी म्हणाली.

टेस उभी राहिली. एका हातात मी, दुसऱ्या हातात अक्षरांवर फिरवायची गवताची काडी. तिने सुरू केलं. ए, बी, सी... आवाज स्वच्छ, गाण्यासारखा. मी माझ्या अंगावर काडी मोजत होते. 'आय' झालं. पुढे तिने 'जे' म्हटलं तेव्हा काडी 'के'वर होती. शेवटचं अक्षर ती म्हणाली तेव्हा काडी कागद ओलांडून कोऱ्या लाकडावर पोचली होती. पण काडीकडे बघतंय कोण! दोघी मायलेकी तिच्या तोंडाकडे बघत होत्या. मग प्रार्थना. एक शब्दही अडखळला नाही.

आजीने टाळ्या वाजवल्या. तिचे डोळे ओले झाले होते. "हरले बाई मी. मेरी, शाळा तुझीच."

मेरेडिथ तिच्या गळ्यात पडली. टेस मात्र हसली नाही. तिने मला झटकन टेबलावर उपडं ठेवलं.

तेवढ्यात जूनने मला ओढलं. पाच वर्षांच्या जूनला नुकतंच आपल्या नावाचं पहिलं अक्षर सापडलं होतं. दिसेल तिथे ती ते शोधायची, दुधाच्या डब्यावर, पोस्टाच्या पेटीवर. तिने माझ्यावर नाक टेकवून शोधलं. "आई, माझा 'जे' कुठाय?"

"अगं, त्या काळच्या पाटीवर 'जे' नसायचाच," मेरेडिथ हसत म्हणाली. "'आय'च दोघांचं काम करायचा. म्हणून मी लिहिलाच..."

तिची नजर टेसकडे वळली.

"मग ताईने कसा वाचला?" जूनने विचारलं.

आजीच्या हातून काकवीच्या भांड्यात चमचा घसरला. मेरेडिथ टेसजवळ गुडघ्यांवर बसली. प्रार्थनेतल्या एका शब्दावर तिने बोट ठेवलं. तो 'ब्रेड' होता. "टेस, हा शब्द कोणता, राणी?"

टेसने शब्दाकडे पाहिलं. मग आईच्या ओठांकडे. "थांब हं, सुरुवातीपासून म्हणते," असं म्हणून ती प्रार्थना पहिल्यापासून पुटपुटू लागली. पण नेमकं कुठे थांबायचं ते तिला कळेना. तिचा आवाज बारीक होत गेला.

"आई, तू चिडू नको. अक्षरं हलतात गं. सगळी एकसारखी दिसतात. पण मी म्हटलं की तू इतकी खूश होतेस..."

मेरेडिथने तिला पोटाशी धरलं आणि टेसच्या डोक्यावरून आईकडे पाहिलं. "बोल ना आता. म्हण, मी सांगितलं होतं."

"काय म्हणू?" आजी खचल्यासारखी बसली होती. "जन्मभर पोरांना वाचायला शिकवलं आणि पोपटपंचीला टाळ्या पिटल्या. तुला प्रेमाने दिसलं नाही म्हणावं. मला कशाने दिसलं नाही?"

या घरात मी सुरीचे घाव पुष्कळ सोसले, पण त्या दुपारइतकं काही लागलं नाही. मी पाटी झाले ती अक्षरं शिकवायला, आणि खरं काय ते बाहेर आलं माझ्यावर नसलेल्या अक्षरामुळे.

सप्टेंबर अजून लांब आहे. बसचं काय होणार ते ठरलेलं नाही. मायलेकी त्यावरून फोनवर भांडतात, मग रडतात. टेसला वाचनाची अडचण तपासणाऱ्या एका बाईंकडे न्यायचं ठरलंय. त्या दुपारी आपल्या घरी जाण्याआधी आजी एवढंच म्हणाली, "कागद काढ. लाकडातच अक्षर कोर. तिचं बोट आत गेलं पाहिजे." मग मेरेडिथने माझा कागद सोलला. खाली माझे जुने सुरीचे चरे तसेच होते. त्यांच्यामधून तिने पटाशीने एकच अक्षर खोल कोरलं. 'बी'. दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही.

आता मी दाराजवळच्या खुंटीवर असते. बाबांनो, तुमचं लेकरू घडाघडा वाचून दाखवेल, तेव्हा कौतुक करा, पण जरा त्याच्या बोटाकडेही बघा.

टेस येता-जाता डोळे मिटून त्या खाचेतून बोट फिरवते. कधी 'बी' म्हणते, कधी 'डी', आणि चुकलं की खुंटीला लाथ मारते. काल मात्र तिने मला काढून आईसमोर आणून ठेवलं.

"ब्रेडचं पुढचं अक्षर कोर," ती म्हणाली. "आणि कोणतं ते सांगू नकोस."