चकतीवरचं डोकं

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हे तिचं काम. डोकं दुखायचं थांबेना म्हणून तिने तपासणी करून घेतली, आणि मेंदूत हरभऱ्याएवढी गाठ निघाली.

"नवी असेल तर ऑपरेशन करावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण जन्मापासूनची असेल आणि वाढली नसेल, तर तिला हात लावायचं कारण नाही. लहानपणी कधी डोक्याचं स्कॅन झालं होतं?"

झालं होतं. नऊ वर्षांची असताना ती जिन्यावरून गडगडत खाली आली होती. पण त्या हॉस्पिटलने इतकं जुनं सगळं पुसून टाकलं होतं.

आई मात्र काही टाकत नसे. तिने बटणांच्या डब्याच्या तळातून फाटक्या कागदी पाकिटातली सीडी काढली. "तेव्हा हातात दिली होती. म्हटलं, असू दे."

धाकट्या भावाचं पोटच कॉम्प्युटरवर. त्याने कपाळाला हात लावला. "आई, हिच्यात मावतं केवढंसं, वाचायला लागतो केवढा वेळ! आता लॅपटॉपला सीडीची खाचसुद्धा नसते. आणि ऊन लागलं की आतला रंग उडतो, खेळ खलास."

"मग माझ्या साठाव्या वाढदिवसाचे फोटो दाखव बघू, तुझ्या त्या हार्ड डिस्कवरचे."

ती डिस्क टेबलावरून पडल्यापासून नुसती टकटक करत होती.

गल्लीतल्या फोटोग्राफरकडून त्याने जुना ड्राइव्ह मागून आणला. सीडी गरगरली, घरघरली आणि थांबली. पडद्यावर काहीच नाही. पुन्हा घातली. पुन्हा तेच.

तिने सीडी काढून खिडकीशी तिरकी धरली. रंगांचा पट्टा सरकत गेला, खाली बटणांनी पाडलेले चरे दिसले.

"वरच्या छापील बाजूला चरा नाही ना?" भावाने विचारलं. "लिहिलेलं तिथेच असतं, छपाईच्या लगेच खाली. खालून नुसतं प्लास्टिक."

"नाही. म्हणजे हे भिंगच झालं की! चरे घासून काढता येतील."

तिने दुकानातलं मऊ कापड आणि काचा उजळायचं मलम घेतलं आणि मधून कडेकडे, सरळ रेषेत घासायला लागली.

"किती बारीक लिहिलेलं असतं रे?"

"केसाच्या जाडीत चाळीसेक ओळी. आणि सुई-बिई काही टेकत नाही, ताई. उजेडाने लिहायचं, उजेडानेच वाचायचं."

जन्म काचांत गेलेल्या तिचा हात तसाच थबकला.

या वेळी सीडी बराच वेळ फिरली. अडली, दम खाल्ला, पुन्हा धावली. मग काळ्या पडद्यावर एक करडं, चिमुकलं डोकं उमटलं. आईने तोंडावर पदर धरला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावली. मोजलं. परत मोजलं.

"तीळभरही वाढ नाही," त्या हळूच म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी चित्र इतकं स्वच्छ! मला वाटलं नव्हतं."

"मग माझं डोकं का दुखतं?"

"दिवसभर मान मोडून काचा घासता ना? मान दुखतेय ती, बाई."

आई हसता हसता रडायला लागली. लेकीने मात्र माउस मागून घेतला आणि लहानपणीचं आपलं डोकं थराथराने खाली उतरत पाहिलं. कपाळ, भुवया, मग डोळ्यांचे दोन गोल. प्रत्येक गोलात पुढच्या बाजूला एक इवलंसं भिंग उजळ दिसत होतं. ती तिथेच थांबली. कितीतरी वेळ.