खुर्चीची जागा

नवं रुग्णालय बांधण्याआधी त्यातली एक खोली नमुना म्हणून गोदामात प्लायवूडची उभी केली होती. आज तिच्यावर सह्या झाल्या की अगदी तशाच दोनशे खोल्या बांधल्या जाणार होत्या. आराखडा ताईंचा. त्या सकाळपासून खोलीत येरझारा घालत होत्या. वडिलांना जाऊन महिनाही झाला नव्हता.

"ताई, पायांना भिंगरी लावलीय का? टेका की जरा!" इंजिनिअर म्हणाला.

ताई सरळ खाटेवर आडव्या झाल्या. छत दिसलं, दार दिसलं, पण सोबतीला बसणाऱ्याची खुर्ची काही दिसेना. ती उशामागे होती. वडील शेवटी शेवटी सारखी मान वळवायचे. दुखत असेल, असं वाटून ताई अशाच मागच्या खुर्चीतून त्यांच्या केसांवरून हात फिरवत राहायच्या.

त्या ताडकन उठल्या. "खुर्ची पायथ्याशी हवी."

"तिथे कपाट आहे. ते हलवलं की दार अडणार. आयत्या वेळी सगळं मुसळ केरात घालता का?"

"तुम्ही झोपून बघा."

"मला अजून वेळ आहे हो!" म्हणत तो हसत आडवा झाला. ताई उशामागच्या खुर्चीत गप्प बसल्या.

"ताई? आहात ना?"

त्याची मान डावीकडे वळली, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

तो उठून बसला तेव्हा हसत नव्हता. "कपाट भिंतीत बसवू," म्हणत त्याने खिशातून टेप काढला. ताई तोवर खुर्ची उचलून पायथ्याशी पोचल्याही होत्या.